पडदा वस्तीतच हवा

शिकागो शहरातून उत्तर-दक्षिण असा स्टेट स्ट्रीट नावाचा लांबलचक रस्ता जातो. घराचा पत्ता पूर्वेचा की पश्चिमेचा, हे या शहरात याच रस्त्यापासून मोजतात. डाउनटाउनमध्ये, नदीपासून थोड्या अंतरावर, या रस्त्याला लागून जीन सिस्केल फिल्म सेंटर आहे. कृष्णवर्णीय दिग्दर्शकांच्या सिनेमांचा ‘ब्लॅक हार्वेस्ट’ हा महोत्सव ही संस्था १९९५पासून भरवते आहे. तिथून तसंच दक्षिणेला तीन-साडेतीन मैल गेलं की इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी लागते. पुण्या-मुंबईहून गेलेले कितीतरी विद्यार्थी तिथे शिकतात. मीस व्हॅन डर रोह यांनी आखलेल्या तिथल्या काच-पोलादाच्या इमारती पाहायला जगभरातून वास्तुकलेचे अभ्यासक येतात. ही जमीन शंभर वर्षांपूर्वी कोणाची होती, तिथे काय चालायचं, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

या पट्ट्याला तेव्हा ‘द स्ट्रोल’ म्हणायचे. संध्याकाळी नटूनथटून फिरायला यायचं, माणसं पाहायची, गाणं ऐकायचं, सिनेमा बघायचा, अशी ती जागा. रॉबर्ट मॉट्स या कृष्णवर्णीय माणसाने १९०५मध्ये सुरू केलेलं पेकिन थिएटर याच रस्त्यावर २७व्या स्ट्रीटपाशी होतं. थोडं पुढे ३१व्या स्ट्रीटच्या आसपास व्हेंडोम थिएटर होतं. तिथे मूकपट चालू असताना एर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद वाजवायचा आणि १९२५च्या सुमारास त्या वाद्यवृंदात जॅझचा थोर वादक लुई आर्मस्ट्राँग असायचा. आज जिथे मीस यांचा प्रसिद्ध क्राउन हॉल आहे, तिथे मेका फ्लॅट्स नावाची भलीमोठी चाळवजा इमारत होती. ती १९५२मध्ये पाडली. आणखी दक्षिणेला, ३९व्या ते ५४व्या स्ट्रीटपर्यंत, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने रॉबर्ट टेलर होम्सच्या सोळा-सोळा मजली २८ इमारती बांधल्या, गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना त्यांत दाटीवाटीने कोंबलं, आणि २००७पर्यंत त्याही जमीनदोस्त केल्या. रस्ता तोच राहिला. त्याच्या उत्तर टोकाला या समाजाच्या कलेचा गौरव होतो आणि दक्षिण टोकाला तिच्या जागा एकामागून एक पुसल्या गेल्या.

शहराने डाउनटाउनमध्ये वर्षातून एकदा कृष्णवर्णीय सिनेमा दाखवला, म्हणजे त्या समाजाच्या कलेचं देणं फिटलं, हे मला मान्य नाही. ज्या वस्त्यांनी ही कला घडवली, त्या वस्त्यांमध्ये बारा महिने चालणारा आणि तिथल्याच लोकांच्या हातात असणारा पडदा हवा. सार्वजनिक पैशातला पहिला वाटाही तिथेच जायला हवा. महोत्सव त्या पडद्याच्या आधाराने उभे राहावेत. आज उलटं घडतं आहे. महोत्सव आहेत, पण त्यांच्या पाठीशी वस्तीत जागा नाही.

ही मागणी भाबडी वाटू नये म्हणून थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सिनेमाची सुरुवात हॉलिवुडमध्ये झाली नाही, शिकागोच्या या दक्षिण भागात झाली. विल्यम फॉस्टर हे नाटकांच्या जाहिरातीचं काम करणारे, वर्तमानपत्रांत लिहिणारे गृहस्थ. त्यांनी १९१०च्या सुमारास इथे चित्रपट कंपनी काढली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कृष्णवर्णीय नटांना घेऊन रेल्वेतल्या हमालावर एक विनोदी लघुपट केला. साधारण त्याच काळात दादासाहेब फाळके मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करत होते. फाळक्यांच्या चित्रपटाची निदान काही रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. फॉस्टर यांचा लघुपट कायमचा गेला.

त्यानंतर ऑस्कर मिशो आले. रेल्वेच्या पुलमन डब्यात हमाली केलेला, साउथ डकोटात स्वतःची शेती केलेला, कादंबऱ्या लिहून दारोदार विकणारा हा माणूस. कंपनीचे शेअर विकून त्यांनी पैसा उभा केला आणि पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. फेब्रुवारी १९१९मध्ये त्याचा पहिला खेळ झाला तो शिकागोतल्या आठव्या रेजिमेंटच्या आर्मरीत, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीच्या इमारतीत. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट पहिल्यांदा दिसला तो वस्तीला आपल्या वाटणाऱ्या इमारतीत, वस्तीच्याच लोकांसमोर. तोही चित्रपट आज उपलब्ध नाही.

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स मिशिगन सरोवरात पोहताना पाण्यातली अदृश्य रेषा ओलांडून ‘गोऱ्यांच्या’ किनाऱ्याकडे गेला. त्याच्यावर दगड भिरकावले गेले आणि तो बुडून मेला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मारली गेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी. ही आग ताजी असतानाच मिशो यांचा पुढचा चित्रपट ‘विदिन अवर गेट्स’ तयार झाला. त्यात गोऱ्या जमावाने केलेली हत्या दाखवली होती. गोरा दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने १९१५मध्ये कृष्णवर्णीयांना हिंस्र आणि गोऱ्या टोळ्यांना तारणहार ठरवलं होतं, त्याला हे उत्तर होतं. अमेरिकेत सिनेमावर सेन्सॉर बसवणारं पहिलं शहरही शिकागोच, १९०७ साली, आणि तो अधिकार पोलिसांकडे होता. मिशो यांच्या चित्रपटामुळे पुन्हा दंगल पेटेल अशी भीती घालून तो अडवायचा प्रयत्न झाला. बराच वाद झाला, आणि जानेवारी १९२०मध्ये तो व्हेंडोमला लागला.

नंतर तोही हरवला. अनेक दशकांनी त्याची एक प्रत सापडली ती माद्रिदच्या संग्रहालयात, स्पॅनिश नावाने आणि स्पॅनिश पाट्यांसह. त्या पाट्यांचं पुन्हा इंग्रजी करून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३मध्ये चित्रपट दुरुस्त केला. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवरच्या लोकांनी पाहिलेला, त्यांच्याबद्दलचा चित्रपट शिकागोत राहिला नाही, स्पेनमध्ये राहिला. त्याला सांभाळणारी खोली इथे नव्हती म्हणून तसं झालं. वस्तीच्या पडद्याबद्दल मी बोलतो तेव्हा माझ्या मनात पडद्यामागची ती खोलीसुद्धा असते.

आता आजच्या महोत्सवाकडे येतो. फ्लॉइड वेब यांनी १९८०च्या दशकात ‘ब्लॅकलाइट’ हा महोत्सव सुरू करून आफ्रिका, कॅरिबियन आणि युरोपातले कृष्णवर्णीय दिग्दर्शक शिकागोच्या प्रेक्षकांपुढे आणले. पुढे ‘ब्लॅक हार्वेस्ट’ आला. समीक्षक सर्जिओ मिम्स हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. २०२२मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्यांनी त्या महोत्सवासाठी जीव ओतला. या महोत्सवाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. जिथे मोठे वितरक फिरकत नाहीत असे चित्रपट त्याने दाखवले, शिकागोच्या होतकरू मुलामुलींच्या लघुपटांना चांगला पडदा, चांगला ध्वनी आणि जाणकार प्रेक्षक दिला. दिग्दर्शकांनाही डाउनटाउनच्या पडद्याचं मोल कळतं. वर्तमानपत्रांत नाव येतं, पुढच्या कामाचे दरवाजे उघडतात. तिथे पोचायला सगळ्या बाजूंनी गाड्या आहेत. हा महोत्सव बंद करा असं कोणी म्हणालं तर मी आडवा पडेन.

पण एवढ्यावर भागत नाही. सिनेमा कोणासोबत पाहिला यावरही बरंच काही अवलंबून असतं. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक बोलतो आणि समोरचे लोक त्याला उत्तर देत जातात. तीच सवय थिएटरात येते. पडद्यावरच्या माणसाला लोक सल्ला देतात, त्याच्यावर चिडतात, त्याला दुजोरा देतात. आपल्याकडे कीर्तनाला बसलेला समाज जसा बुवांच्या शब्दाला शब्द जोडतो, तशीच ही जुगलबंदी आहे. डाउनटाउनमध्ये निरनिराळ्या उपनगरांतून आलेले, एकमेकांना न ओळखणारे प्रेक्षक अदबीने, गप्प बसून सिनेमा पाहतात. तो अनुभवही चांगलाच असतो. पण ज्या गल्लीवर सिनेमा काढला त्याच गल्लीतले लोक शेजारी बसलेले असतात, तेव्हा दिग्दर्शकाला जे ऐकावं लागतं ते वेगळंच असतं. ‘आमच्या कोपऱ्यावरचं दुकान असं नव्हतं’ असं म्हणणारी आजी डाउनटाउनला येत नाही. रात्री दोन गाड्या बदलून घरी जायचं तिला नको असतं, आणि गेल्या कित्येक वर्षांत तिला तिथे कोणी बोलावलेलंही नसतं.

फ्रेड हॅम्प्टन यांचं उदाहरण इथे आठवतं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा इलिनॉयचा हा २१ वर्षांचा नेता. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे पोलिसांनी शिकागोच्या पश्चिम भागातल्या घरावर छापा घातला आणि त्याला झोपेतच गोळ्या घातल्या. त्याच्यावर आणि पँथर्सवर एक स्थानिक चमू आधीपासून माहितीपट करत होता. पोलिसांनी घर बंद करून ठेवलं नाही, म्हणून हा चमू कॅमेरा घेऊन आत गेला आणि भिंती, दरवाजे, गोळ्यांची भोकं टिपत राहिला. शेजारपाजारचे लोक रांगा लावून ते घर पाहून गेले. आतून गोळीबार झाला असं पोलीस सांगत होते. पुरावा म्हणून छापून आलेल्या छायाचित्रात गोळ्यांची म्हणून दाखवलेली भोकं प्रत्यक्षात खिळ्यांची डोकी निघाली. सत्य बाहेर आलं, कारण कॅमेरा त्या वस्तीत होता आणि वस्तीला तो आपला वाटत होता. याच पँथर्सकडे पाहून १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांचे सोबती दलित पँथर उभी करत होते. शिकागोतल्या या गोष्टी मराठी वाचकाला इतक्या दूरच्या वाटू नयेत.

शिकागोला कृष्णवर्णीयांची कला आवडत नाही असं नाही. उलट या शहराची जगातली ओळखच त्या कलेवर उभी आहे. १९८४पासून दरवर्षी सरोवराकाठच्या सार्वजनिक बागांमध्ये मोफत ब्लूज महोत्सव होतो, त्याला तोबा गर्दी लोटते. गेली काही वर्षं तो मिलेनियम पार्कमध्ये भरतो. पण ज्या ४३व्या स्ट्रीटवर ब्लूज रोज रात्री वाजायचं, तिथला चेकरबोर्ड लाउंज इमारत मोडकळीला आली म्हणून २००३मध्ये बंद पडला. याचं एक कारण पैशाच्या वाटेत आहे. शहराच्या सांस्कृतिक खात्याकडे येणाऱ्या पैशाचा मोठा भाग हॉटेलांवरच्या करातून येतो. साहजिकच पर्यटक हॉटेलात उतरतील, डाउनटाउनमध्ये खातील-पितील, असे कार्यक्रम शहराला परवडतात. ७९व्या स्ट्रीटवरच्या थिएटरात दर मंगळवारी चाळीस माणसं सिनेमा पाहून तास-दीड तास वाद घालत बसली, तर हॉटेलाची एकही खोली भरत नाही. ही व्यवस्था कोणाच्या दुष्टपणामुळे झालेली नाही. पण ती अशीच राहू दिली तर वस्त्यांची कला डाउनटाउनला पाहुणी म्हणून जात राहील आणि घरी परतल्यावर तिला बसायला जागा नसेल.

तोवर त्या वस्त्याच रिकाम्या होत चालल्या आहेत. १९८०च्या जनगणनेत शिकागोत कृष्णवर्णीयांची संख्या १२ लाखांच्या घरात होती. २०२०मध्ये ती ८ लाखांच्या आत आली. २०१३मध्ये शहराने एका दमात सुमारे ५० सरकारी शाळा बंद केल्या, त्यातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या होत्या. शाळा गेली, दुकान गेलं, थिएटर गेलं, की माणूस राहील कशाच्या आधारावर? लोक घरभाडं, नोकरी आणि सुरक्षितता पाहून घर बदलतात हे खरं आहे. पण राहावंसं वाटण्याची कारणंही लागतात, आणि सिनेमाघर हे त्यातलं एक कारण असू शकतं.

यावर हिशेबी माणसं म्हणतात की इमारती पैसा गिळतात आणि शेवटी बंदच पडतात. या आक्षेपात तथ्य आहे, त्यामुळे इथे थोडं थांबावं लागेल. ४७व्या स्ट्रीटवर १९२८मध्ये रीगल थिएटर उघडलं. सुमारे ३,००० आसनं, आणि ड्यूक एलिंग्टनपासून सगळे मोठे कलावंत त्याच्या रंगमंचावर येऊन गेले. प्रेक्षक कृष्णवर्णीय होते, मालकी मात्र बराच काळ बाहेरच्यांची. १९७३मध्ये ते पाडलं गेलं. त्याच जागेवर २००४मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन कल्चरल सेंटर उभं राहिलं. इमारत चकचकीत होती, पण कर्ज डोईजड झालं आणि काही वर्षांतच तिचा कारभार सरकारी महाविद्यालयांच्या संस्थेकडे गेला. ७९व्या स्ट्रीटवर १९२७चं अ‍ॅव्हलॉन थिएटर आहे, अरबी महालासारखं सजवलेलं. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात नाव कमावलेल्या गार्डनर दांपत्याने त्याची दुरुस्ती करून १९८७मध्ये ते ‘न्यू रीगल’ म्हणून उघडलं. १९९२मध्ये शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जाही दिला. पुढे २००३मध्ये ते बंद पडलं आणि त्यानंतर पुन्हा उघडायचे बेत होत राहिले, मोडत राहिले.

या तिन्ही इमारतींच्या गोष्टीतून मी एक निष्कर्ष काढतो. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. फीत कापायला नेते येतात, प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्याचा पगार द्यायला कोणी येत नाही. शहराने २०१६पासून एक चांगली योजना सुरू केली: डाउनटाउनमध्ये परवानगीपेक्षा उंच बांधायचं असेल तर बिल्डरने पैसे भरायचे, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिण, पश्चिम आणि नैर्ऋत्य भागांतल्या व्यवसायांना आणि सांस्कृतिक जागांना द्यायचा. डाउनटाउनचा पैसा वस्तीकडे वळवता येतो, हे तिने दाखवून दिलं. पण ही मदत मुख्यतः बांधकामाची आणि दुरुस्तीची आहे. छप्पर नवं होतं, मग छपराखाली काम करणाऱ्यांचं काय? हॉटेल करातला ठरावीक टक्का वस्तीतल्या कलाजागांच्या रोजच्या खर्चासाठी, पाच-दहा वर्षांच्या हमीने, बाजूला काढला पाहिजे. वीज, विमा, पगार, थंडीत लागणारा गॅस: जागा मरतात त्या या खर्चांपायी. दरवर्षी नव्याने अर्ज करून मिळणाऱ्या अनुदानावर कोणी प्रोजेक्टर चालवणारा शिकवून तयार करत नाही.

जागा टिकते तेव्हा काय होतं हे पाहायचं असेल तर मिशिगन अव्हेन्यूवर ३८व्या स्ट्रीटपाशी जावं. तिथे एका जुन्या हवेलीत साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर आहे. महामंदीच्या काळात अमेरिकी सरकारने कलावंतांना काम देण्यासाठी देशभर अशी शंभरेक केंद्रं काढली होती. शिकागोच्या लोकांनी त्यासाठी दहा-दहा सेंटची नाणी गोळा केली, ‘मैलभर नाणी’ अशी मोहीमच चालवली. केंद्र १९४०च्या डिसेंबरमध्ये उघडलं आणि १९४१मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रुझवेल्ट उद्‍घाटनाला आल्या. युद्धात सरकारी पैसा आटला आणि बाकीची बहुतेक केंद्रं बंद पडली. हे त्याच इमारतीत आजही चालू आहे. तळघरात त्यांनी एका तरुण छायाचित्रकाराला डार्करूम दिली होती. त्याचं नाव गॉर्डन पार्क्स. पुढे १९६९मध्ये हॉलिवुडच्या मोठ्या स्टुडिओसाठी चित्रपट दिग्दर्शित करणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस ठरला. याच केंद्राच्या उभारणीत पुढे असलेल्या मार्गारेट बरोज यांनी नंतर समोरच्याच बाजूला, आपल्या राहत्या घरात, १९६१मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय सुरू केलं. आज ड्युसेबल संग्रहालय म्हणून ओळखतात ते हेच. तळघरातल्या एका डार्करूममधून असं सगळं निघतं. एखाद्या महोत्सवाच्या आठवड्यात ते घडवून आणता येत नाही, त्याला वर्षानुवर्षं उघडा राहणारा दरवाजा लागतो.

शिकागोतला एक प्रकल्प मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याची चर्चा सर्वांत कमी होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. सिनेमाच्या इतिहासाच्या अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांनी २००५मध्ये ‘साउथ साइड होम मूव्ही प्रोजेक्ट’ सुरू केला. १९४०पासून १९८०पर्यंत या भागातल्या कितीतरी कुटुंबांकडे आठ किंवा सोळा मिलिमीटरचे छोटे कॅमेरे होते. लग्नं, वाढदिवस, ईस्टरचे नवे कपडे, गावाकडे मिसिसिपीला केलेला प्रवास, नवीन गाडी, मागच्या अंगणातला पाळणा, अशी चित्रणं माळ्यावर, कपाटांत, बुटांच्या खोक्यांत पडून होती. प्रोजेक्टर मोडले, ते चालवणारी माणसं गेली. प्रकल्पातली मंडळी ही रिळं घेतात, साफ करतात, त्यांची डिजिटल प्रत करून कुटुंबाला देतात आणि त्यांच्याकडूनच माहिती लिहून घेतात: ही कोण, ते घर कुठलं, ही मिरवणूक कशाची. मग ही चित्रणं त्याच भागातल्या सभागृहांत दाखवली जातात. करोनाच्या काळात स्थानिक डीजेंच्या संगीतासह ती ऑनलाइन दाखवली गेली.

शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीचं चित्र आपण बातम्यांतून पाहतो तेव्हा त्यात पोलिसांची पिवळी पट्टी, रडणारी आई आणि पाडलेली इमारत असते. या घरगुती रिळांत कोणी मरत नाही. मुलं बर्फात घसरतात, बायका टोप्या दाखवतात, बाप कॅमेरा हाताळता न आल्याने आकाशच टिपत राहतो. माणसांना स्वतःकडे पाहायला आवडतं, आणि ज्यांच्याकडे पाहण्याचा हक्क कायम दुसऱ्यांनी गाजवला त्यांना तर ते हवंच असतं. मिशो यांच्या हरवलेल्या चित्रपटांना हे माझ्या मते खरं उत्तर आहे. वस्तीतल्या प्रत्येक पडद्यामागे अशी एक खोली असली, तर पुन्हा माद्रिदपर्यंत शोध घ्यायची वेळ येणार नाही.

थिएस्टर गेट्स या शिल्पकाराने अशीच एक खोली मोठ्या प्रमाणावर उभी केली. स्टोनी आयलंड अव्हेन्यूवरची १९२३ची एक बँक १९८०च्या दशकापासून ओस पडली होती. शहराने ती त्याला एका डॉलरला दिली, अट एकच की दुरुस्तीचा खर्च त्याने उभा करायचा. त्याने इमारतीतल्याच संगमरवराचे तुकडे कलाकृती म्हणून ५,००० डॉलरला एक असे विकले आणि २०१५मध्ये तिथे स्टोनी आयलंड आर्ट्स बँक उघडली. ‘एबनी’ आणि ‘जेट’ ही कृष्णवर्णीयांची नियतकालिकं काढणाऱ्या जॉन्सन कंपनीचं ग्रंथालय आणि हाउस संगीताचे प्रणेते फ्रँकी नकल्स यांच्या तबकड्या आज तिथे आहेत. हे पाहून मला आनंद होतो आणि काळजीही वाटते. प्रत्येक वस्तीला जगप्रसिद्ध शिल्पकार मिळणार नाही. एका असामान्य माणसाच्या कर्तृत्वावर शहराचं सांस्कृतिक धोरण चालू शकत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. कृष्णवर्णीयांचा वेगळा महोत्सव, वेगळा पडदा कशाला? कला सगळ्यांची असते, अशा वेगळेपणाने भिंती वाढतात, असं चांगल्या मनाची माणसंही म्हणतात. पण भिंती आधीपासूनच आहेत. त्या बँकांनी कर्ज नाकारून, घरमालकांनी कृष्णवर्णीयांना घर द्यायचं नाही असे करार करून, शहराने महामार्ग आखून बांधल्या. स्टेट स्ट्रीटला समांतर जाणारा डॅन रायन महामार्ग १९६०च्या दशकात वस्त्यांमधूनच काढला गेला. आपल्या वस्तीत आपला पडदा मागणं म्हणजे त्या भिंतीत दार पाडणं आहे, आणि दारातून दोन्ही बाजूंनी जा-ये होते. उत्तरेकडच्या माणसाला दक्षिणेला येऊन सिनेमा पाहता येईल. आज त्याला दक्षिणेला यायला कारणच नाही.

हे आपल्यालाही लागू पडतं. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. हजारो मैलांवरची ती लढाई त्यांना आपली वाटली होती. फेब्रुवारी २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, जिथे बाबासाहेब शिकले, दलित चित्रपट आणि संस्कृतीचा महोत्सव भरला. नागराज मंजुळे आणि पा. रंजित हे दिग्दर्शक त्यात सहभागी झाले. त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण तोही विद्यापीठाच्या सभागृहात झाला. ज्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीशेजारी ते विद्यापीठ आहे, त्या हार्लेमच्या थिएटरात तो भरला असता, तर बाबासाहेबांची आणि फुल्यांची ओळख तिथल्या सामान्य माणसाशी झाली असती.

शिकागोच्या आसपास मराठी माणसं भरपूर आहेत, बहुतेक उपनगरांत. गणपतीला, दिवाळीला, नाटकाला शाळेचं सभागृह भाड्याने घ्यायचं, खुर्च्या लावायच्या आणि रात्री अकराच्या आत रिकामं करून द्यायचं, याचा त्यांना चांगला अनुभव आहे. स्वतःची वास्तू असणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं समजावायला नको. या मंडळींनी एका शनिवारी साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटरसारख्या जागेला पूर्ण भाडं देऊन ‘फँड्री’ दाखवावा, आणि त्याआधी तिथल्याच मुलांचे दोन लघुपट पाहावेत. चर्चा त्यांनी चालवावी, आपण ऐकावं. शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांनी, आपल्या विद्यार्थ्यांसह, पालिकेच्या अंदाजपत्रकावर दर शरद ऋतूत होणाऱ्या जाहीर सुनावणीला जाऊन हॉटेल करातल्या वाट्याची मागणी करावी. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. ७९व्या स्ट्रीटवरचं अ‍ॅव्हलॉन कधी उघडणार आणि उघडल्यावर त्याचं वीजबिल कोण भरणार, एवढं विचारायला ती पुरतात.